ओल्या पावलांचा सिनेमा

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा लागला की आमच्या रस्त्यावरच्या अंगणांत थडगी उगवतात. हॅलोवीनसाठी मांडलेली, थर्मोकोलची, हलकी, जरा वारा सुटला की आडवी होणारी. समोरच्या तरुण जोडप्यानं यंदा छताला टेकेल एवढा सांगाडा उभा केलाय. सकाळी मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला जाते तेव्हा तो वाकून माझ्याकडेच बघत असतो. मीही त्याला गुड मॉर्निंग म्हणते. शिकागोच्या या उपनगरात चाळीसहून जास्त वर्षं काढल्यावर शेजाऱ्यांशी फटकून वागून कसं चालेल?

त्याच आठवड्यात माझ्या मुलीचा, मीराचा, मेसेज आला. ती विमानानं चार तासांवर, फ्रीमाँटला असते. तिला माझ्या फेव्हरिट स्केअरी मूव्हीजची लिस्ट हवी होती. त्यामागचा बेत मला ठाऊक होता. अविनाशला, माझ्या नवऱ्याला, जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून मीराचं एकच पालुपद आहे, की मी हे घर विकून तिच्याकडे राहायला यावं. आता तर तिनं घरातली खालची खोली माझ्यासाठी तयारच केलीय. भिंतींना रंग दिलाय, मोठा टीव्ही लावलाय आणि थँक्सगिव्हिंगला मला न्यायला यायचं तिकीटही काढलंय. नव्या टीव्हीवर पहिल्यांदा काय लावायचं, तर आईचे भुताचे सिनेमे. पोरगी गुणी आहे. मी तिला हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही.

लिस्ट मात्र मी लगेच पाठवली. ओल्या पावलांचा, अर्ध्या दाढीचा, खुर्चीतल्या बाहुलीचा आणि विहिरीत दिवा लागतो तो. पाच मिनिटांत उत्तर आलं, 'आई, दीज आर नॉट टायटल्स!' खरंच की. मला त्या सिनेमांची खरी नावं ठाऊकच नाहीत. पाट्या सुरू व्हायच्या तेव्हा मी आत चहा गाळत असायची. ही नावं वन्संनी ठेवलेली आणि माझ्या लेखी तीच खरी.

वन्सं म्हणजे अविनाशची थोरली बहीण. अविनाश पहिलीत असताना आईवडील एकामागोमाग गेले आणि नुकत्याच शाळेत मास्तरीण म्हणून लागलेल्या या बाईनं भावाला लेकरासारखं वाढवलं, इंजिनिअर केलं, परदेशी धाडलं. स्वतः लग्न केलं नाही. निवृत्त होता होता सांगलीत दोन खोल्या घेतल्या, पुढं तुळस लावली, आणि जेमतेम वर्षभर त्यात राहिल्या असतील, तोवर अविनाशनं त्यांना इकडं बोलावून घेतलं. ऐंशीच्या दशकाच्या मधलं ते वर्ष. मीरा तीन वर्षांची होती. वन्सं मे महिन्यात आल्या, सहा महिन्यांचा शिक्का घेऊन.

उन्हाळा कसा गेला ते आठवत नाही. आठवतो तो थेट ऑक्टोबर. आमच्या दारातल्या मेपलचं एक पान लाल झालं, मग एक फांदी, आणि एका सकाळी वन्संनी पडदा सारला तर अख्खं झाड पेटलेलं. त्या तशाच अनवाणी बाहेर गेल्या, झाडाखाली उभ्या राहिल्या, मान वर करून. मी स्वेटर घेऊन मागं धावले. त्यांनी स्वेटर घातला नाही. "सुनंदा, हे झाड मरायला निघालंय ना गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मरत नाही, नुसती पानं गळतात. त्यांनी झाडाला हात लावून नमस्कार केला. मी तोवर इथले चार ऑक्टोबर पाहिले होते, गाडीच्या काचेतून. पण ते झाड मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

दुपारी मीरा झोपली की घर सुनं व्हायचं. आणि अमेरिकेतलं सुनं घर म्हणजे काय असतं हे ज्यानं अनुभवलंय त्यालाच कळेल. तळघरात घर गरम करणारी फर्नेस आपोआप घुरघुरायला लागते. फ्रीजमध्ये बर्फाचे खडे आपोआप धाडकन पडतात. माणूस एक नाही, आणि आवाज मात्र चालूच. सुरुवातीला वन्सं प्रत्येक आवाजाला दचकायच्या. मग एका दुपारी त्यांनीच टीव्ही लावला. त्या महिन्यात एका चॅनेलवर रोज दुपारी जुने भुताचे सिनेमे लावत. मी बंद करायला गेले, तर म्हणाल्या, राहू दे, या घराच्या आवाजांपेक्षा हे बरे, निदान भूत दिसतं तरी.

झालं. आम्हाला नादच लागला. टीव्हीवरचे संपले तेव्हा मी लायब्ररीतून व्हीसीआरच्या टेप आणायला लागले. दर सोमवारी चार. वन्सं सोफ्यावर मांडी घालून बसायच्या, मांडीवर तांदळाचं ताट. निवडणं आणि बघणं एकदमच. पडदे ओढायला त्यांची मनाई होती. भुतानं उजेडातच यावं, म्हणजे खरं काय ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं आमच्या सगळ्या भुतांवर दुपारचं पिवळं ऊन पडलेलं असायचं.

इंग्रजी त्यांना शाळेपुरतं यायचं. मी सांगायची, तो काय म्हणाला, ती काय म्हणाली. पण थोड्याच दिवसांत त्यांनी मला गप्प केलं. किंचाळायला भाषा लागते होय? चेहरे बघून त्या माझ्याआधी ओळखायच्या, कोण खरं घाबरलंय आणि कोण नुसतं पगारापुरतं.

अर्ध्या दाढीचा तर त्यांचा फार लाडका. त्यात एका भाड्याच्या घरात आरशात एक म्हातारा दिसतो, गालाला साबण लावलेला, अर्धीच दाढी झालेली. घरातली बाई आरसा फोडते, नवा आणते, त्यातही तोच. मी दर वेळी डोळे मिटून घ्यायची. वन्सं हळहळायच्या, अर्ध्यातच उठावं लागलं गं बिचाऱ्याला, निदान दाढी तरी पुरी करू द्यायची. बाहुलीच्या सिनेमात ती बाहुली रोज वेगळ्या खुर्चीत बसलेली सापडते. वन्संचा निकाल असा, की तिला मुळात खुर्चीवर बसायचंच नाहीये, खाली सतरंजी अंथरून द्या. आणि मुखवटा घालून सुरी घेऊन पळणाऱ्यांचे जे सिनेमे तेव्हा ढिगानं निघत होते, ते लागले की त्या ताट उचलून सरळ आत जायच्या. हा मेला माणूस आहे, याला पोलिसांत द्या, यात बघायचं काय?

आता ओल्या पावलांचा. तो आम्ही तीनदा आणला. मला आठवतो तो असा. समुद्राकाठचं एक घर, त्यात उन्हाळ्यापुरतं राहायला आलेलं कुटुंब. रोज दुपारी मागच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत ओली पावलं उमटतात. आई पुसते, पुन्हा उमटतात. मग एका दुपारी ती बाईच दिसते. करड्या झग्यातली, केसांतून पाणी निथळतंय, चेहरा अगदी साधा. ती स्वयंपाकघरातला एकेक ड्रॉवर उघडते, आत हात घालून चाचपते आणि बंद करते. कुणाला काही करत नाही. घरातले किंचाळतात, पळतात, पाद्र्याला बोलावतात, शेवटी दाराला फळ्या ठोकून निघून जातात. शेवटी रिकामं घर, आणि फरशीवर हळूहळू वाळत जाणारी पावलं.

ती बाई पहिल्यांदा दिसली तेव्हा मी उशी तोंडावर घेतली होती. कडेनं बघते तर वन्संनी तांदळाचं ताट बाजूला ठेवलेलं आणि हात जोडलेले. डोळे मोठे झालेले, पण भीतीनं नव्हे. देवळात आरती चालू असताना असतात तसे. किती लांबून आली गं ती, म्हणाल्या. सिनेमा संपला तेव्हा मात्र त्या चिडल्या. त्यांना चिडलेलं मी फार कमी पाहिलंय.

"एवढी माणसं घरात, पण एकानं तरी तिला विचारलं का, काय हवंय तुला?"

त्यांच्या लहानपणी गावाकडं असं काही जाणवलं तर कुणीतरी म्हातारं माणूस उंबऱ्याशी उभं राहून सरळ विचारायचं, कोण तू, काय हवंय? आणि सांगायचीही म्हणे ती भुतं. कुणाला भाकरी हवी असायची, कुणाला एखादं लुगडं, कुणाला अमक्याला जाऊन सांगा एवढंच. दिलं की जायची. इथं मेलं कुणी विचारतच नाही, नुसते ओरडतात, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. मी हसले होते. रात्री अविनाशला सांगितलं, तोही हसला.

आमच्या फ्रीजच्या दारावर त्या वेळी एक फॉर्म लावलेला होता, केळ्याच्या आकाराच्या मॅग्नेटखाली. वन्संचा मुक्काम वाढवण्याचा. अविनाशनं सगळा भरून ठेवला होता, फक्त त्यांची सही राहिली होती. ताई आता इथंच राहणार, हे त्यानं ठरवलेलं. सांगलीच्या खोल्या विकायच्या, हेही. ताईला इथं काय कमी आहे, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा आणि त्याच्या तोंडावर खरा आनंद असायचा. सही करताय ना, असं विचारलं की वन्सं म्हणायच्या, करते उद्या. ऑक्टोबर अर्धा सरला. उद्या काही उजाडेना.

आणि मी? मी सरळच सांगते. मला त्या राहायला हव्या होत्या. दर सोमवारी भुताच्या टेप घेऊन जाणारी ही साडीतली बाई कोण, म्हणून लायब्ररीतल्या मुख्य बाईंनी माझ्याशी ओळख काढली होती. बोलता बोलता त्यांना कळलं की मी पुण्याला ग्रंथालयाचा कोर्स केलाय. त्यांनी मला नोकरीच देऊ केली. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारपासून. चार वर्षं घरात बसून काढल्यावर! मीराला वन्सं सांभाळतील, यात विचारायचं काय होतं? मी विचारलं नाही. गृहीत धरलं. अविनाशनं प्रेमापोटी गृहीत धरलं आणि मी गरजेपोटी.

एका दुपारी लायब्ररीतून मी ठरल्यापेक्षा लवकर परतले. हातात टेप होत्या, म्हणून मागच्या अंगणातून आले. काचेच्या सरकत्या दारातून आमचं स्वयंपाकघर दिसतं. वन्सं आत होत्या. त्यांनी चमच्यांचा ड्रॉवर उघडला, आत हात घालून मागपर्यंत चाचपलं, बंद केला. मग फडक्यांचा. मग फॉइलचा. घाई नव्हती, चोरटेपणा नव्हता. चेहरा अगदी साधा. सगळे झाले तशा पुन्हा पहिल्याशी आल्या आणि तो पुन्हा उघडला.

उघडंनागडं ऊन होतं, मेपलची पानं टपटप पडत होती, आणि मी माझ्याच घरात जायला घाबरत होते. शेवटी मी पुढच्या बाजूला गेले आणि स्वतःच्याच दाराची बेल वाजवली. आतून ड्रॉवर मिटल्याचा आवाज आला. वन्संनी दार उघडलं, हसल्या, चहा टाकू का म्हणाल्या.

मी टाका म्हटलं. काय शोधत होतात, हे माझ्या अगदी ओठांवर होतं. पण विचारलं की उत्तर येणार, आणि उत्तर आलं की सोमवारची माझी नोकरी जाणार, एवढं मला न कळण्याइतकी मी भोळी नव्हते. मी तेरा दिवस काढले. त्या तेरा दिवसांत आम्ही अजून आठ भुतं पाहिली. एकही मला भीतिदायक वाटलं नाही.

हॅलोवीनच्या आठवड्यात आम्ही भोपळा आणला होता. मी त्याला डोळे कोरायला सुरी उचलली तर वन्संनी हात धरला. अख्ख्या भोपळ्यावर बाईनं पहिली सुरी चालवायची नसते, हे मी विसरूनच गेले होते. मग भोपळा अविनाशची वाट बघत ओट्यावर बसून राहिला. अविनाश ऑफिसातून आला, टायसकट ओट्याशी उभा राहिला, पहिला छेद दिला, आणि पुढचं सगळं आम्ही बायकांनी केलं. बाहेर नाकडोळे झाले, आतल्या गराचे घारगे. चोथाच जास्त होता, पण डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेला गूळ वन्संनी सढळ हातानं घातला. हॅलोवीनच्या संध्याकाळी भुतांची सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत येणाऱ्या पोरांना वाटायला म्हणून. मी सांगून पाहिलं की घरी केलेलं इथं कुणी घेत नाही, आईबाप टाकून देतात. टाकू देत, म्हणाल्या, देणं आपलं काम.

आणि ती संध्याकाळ. पाच वाजले असतील, ऊन उतरलेलं, सगळ्या रस्त्यावर पानांचा सडा, आणि त्या पानांतून खसखस करत भुतं आली. चादरी पांघरलेली, पंख लावलेली, एक चेटकीण तर मीराच्याच उंचीची. बेल वाजली. पोरांनी त्यांचं ते ठरलेलं वाक्य म्हटलं. वन्सं दारात खाली वाकल्या आणि मराठीतच विचारलं, "काय हवंय बाळा तुला?"

पिशवी पुढं आली. त्यांनी मेणकागदात गुंडाळलेला घारगा घातला, वर मी दिलेलं चॉकलेट. भूत थँक्यू म्हणून गेलं. दुसरं आलं. पुन्हा तोच प्रश्न, तितक्याच अगत्यानं. वन्संचा चेहरा असा उजळला होता की काय सांगू. अख्खा महिना ज्यासाठी त्या टीव्हीसमोर तळमळल्या होत्या ते इथं उंबऱ्याशी घडत होतं. भुतं येत होती, कुणी किंचाळत नव्हतं, विचारलं जात होतं, मिळत होतं, ती जात होती. ती छोटी चेटकीण घारगा खात खात दुसऱ्यांदा आली. मी मागं खुर्चीवर बसले होते, मीराला मांडीवर घेऊन. वन्संना भीती वाटतच नाही असं मला इतके दिवस वाटायचं. भीती वाटत होतीच त्यांना. फक्त भीतीला त्या दार उघडत होत्या.

दोन बेलांच्या मध्ये जरा शांतता झाली. मला आता राहवेना.

"वन्सं," मी म्हटलं, "तुम्हाला काय हवंय?"

त्यांनी वळून पाहिलं. फर्नेस सुरू झाली, बंद झाली. मग अगदी हळू, काहीतरी जास्तच मागतोय अशा आवाजात म्हणाल्या, "माझी किल्ली कुठं ठेवलीस गं?"

सांगलीच्या खोल्यांची किल्ली. लाल नाडीला बांधलेली, पितळी. मे महिन्यात त्या आल्या तेव्हा त्यांची बॅग रिकामी करताना मीच ती नीट ठेवून दिली होती, बिस्किटांच्या निळ्या डब्यात, जादा बटणं आणि फ्यूजच्या सोबत, फ्रीजच्या वर. आणि साफ विसरले होते. त्या रोज दुपारी शोधत होत्या, आणि विचारत नव्हत्या. का, तर आपण किल्ली मागितली की भावाला वाईट वाटेल. मी खुर्चीवर चढून डबा काढला. त्यांनी किल्ली तळव्यात घेतली, मूठ मिटली आणि ती मूठ छातीशी धरली. तेवढ्यात बेल वाजली. त्या तशाच, एका हातात किल्ली घट्ट धरून, दुसऱ्या हातानं घारगे वाटत राहिल्या.

फॉर्म मी काढून ठेवला. अविनाश तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. ओहेअर विमानतळावर मात्र त्यानं ताईच्या पर्समध्ये किल्ली आहे ना, हे दोनदा उघडून पाहिलं. मी लायब्ररीत पुढच्या वर्षी लागले आणि पंचवीस वर्षं तिथं काढली. वन्सं त्या दोन खोल्यांत अजून सतरा वर्षं जगल्या. दर ऑक्टोबरला त्यांचं पत्र यायचं, त्यात एक प्रश्न ठरलेला, यंदा कोणती भुतं पाहिलीस?

परवा रविवारी मीराचा फोन आला. हरवलेले सिनेमे नुसत्या वर्णनावरून ओळखून देणारी माणसं इंटरनेटवर असतात म्हणे. माझ्याकडून काढून घेतलेलं वर्णन तिनं तिथं टाकलं होतं आणि ओल्या पावलांचा सिनेमा चक्क सापडला होता. तिनं तो रात्री बसून अख्खा पाहिला होता. घर तेच, समुद्र तोच, शेवटी वाळणारी पावलं तीच.

"पण आई," ती म्हणाली, "ती बाई ड्रॉवर्स उघडतच नाही. शी जस्ट वॉक्स. सिंकपाशी उभी राहते आणि जाते. मी रिवाइंड करून बघितलं. देअर आर नो ड्रॉवर्स."

मी म्हटलं, असं कसं, मी तीनदा पाहिलाय. आणि म्हणता म्हणताच मला त्या काचेच्या दारातलं ऊन दिसलं. चमच्यांचा, फडक्यांचा, फॉइलचा. चाळीस वर्षं मी ते त्या निथळत्या बाईच्या नावावर लावलं होतं, कारण तिथं ते बघणं मला सोपं होतं.

"मग ड्रॉवर्स कोण उघडत होतं?" मीरानं विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं. आत्याचं, किल्लीचं, माझ्या तेरा दिवसांचं. ते तेरा दिवस मी अविनाशलाही कधी सांगितले नव्हते. मग ती बोलली. इंग्रजीत नाही, तिच्या त्या अडखळत्या मराठीत, एकेक शब्द जपून ठेवत.

"आई, मी तुला विचारलंच नाही. तुला काय हवंय?"

माझ्या हातात माझ्याच घराच्या किल्ल्या होत्या. नुकतीच बाहेरून आले होते, अजून टांगल्या नव्हत्या. खिडकीतून मेपल दिसत होता, आता छपराच्याही वर गेलेला, शेंड्यापासून लाल व्हायला लागलेला. उत्तर द्यायला वन्संना लागला तेवढाच वेळ मलाही लागला.

"मला अजून दोन ऑक्टोबर इथंच हवेत," मी म्हटलं. "मग ये न्यायला."